मोरीच्या पाण्यावरचं भात

कुठे भाषणाला बोलावलं की ओळख करून देणारा माणूस हटकून विचारतो, मॅडम, तुमच्या संशोधनाची सुरुवात कुठे झाली? मी त्याला माझ्या पहिल्या प्रयोगशाळेचं नाव सांगते. त्याचा कागद भरतो, मीही सुटते. खरं उत्तर असं आहे की ती आमच्या कडाव गावात, घरामागे झाली, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे. पण ते सांगायचं तर बाची सगळी हकिगत सांगावी लागते, आणि हार-नारळाच्या कार्यक्रमात तेवढी उसंत कुणाला असते? आता मी निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, घरात ऐकायला कुणी नाही. तेव्हा सावकाश सांगते.

बा, म्हणजे माझे वडील गंगाराम, गावाजवळच्या सरकारी बियाण्याच्या शेतावर रोजंदारीवर होता. त्या शेताला सगळे फारम म्हणत. तिथे भात पिकायचं ते खायला नव्हे, दुसऱ्या शेतकऱ्यांना बियाणं द्यायला. म्हणून तिथे सगळ्यात मानाचं काम कुठलं, तर भेसळ काढायचं. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, की ओळीओळीतून चालायचं आणि जे झाड जातीपेक्षा वेगळं दिसेल, उंच, बुटकं, लाल दाण्याचं, कुसळांचं, ते मुळासकट उपटायचं. उपटून तिथंच टाकायचं नाही, पाटीत घालून बांधाबाहेर न्यायचं. या कामात बाचा हात धरणारा फारमावर कुणी नव्हता. सुपात तांदूळ पाखडताना आईच्या बोटाला खडा जसा आपोआप लागायचा, तशी त्याच्या नजरेला भेसळ लागायची. शिक्षण म्हणाल तर सही करण्यापुरतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, कुडाच्या भिंतींचं, वर कौलं. मी अगदी लहान असताना घरातले जुने देव पेज नदीत सोडले होते, त्यांच्या कोनाड्यात आता बुद्धाची तसबीर होती आणि तसबिरीच्या मागे आई रॉकेलचं कार्ड ठेवायची. सकाळी जाग यायची ती मुसळाच्या आवाजाने. वारा पडलेला असला तर कर्जत स्टेशनात घाट चढायला गाडीच्या मागे इंजिन लावत, त्याची शिटीसुद्धा ऐकू यायची. न्याहारीला पेज, तिच्यात मिठाचा खडा, सोबत भाजलेली सुकट आणि कांदा. पावसाळ्यात बा फारमावरून येताना बांधातल्या चिंबोऱ्या घेऊन यायचा, तेव्हा आई पाट्यावर वाटण वाटता वाटता गाणंबिणं म्हणायची. एरवी तिचा तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज मी शहरातल्या चांगल्या दुकानातून वासाचा तांदूळ आणते, पण त्या पेजेच्या वाफेचा वास काही त्याला येत नाही. म्हातारपणी सगळ्यांनाच असं वाटतं, हे मला कळतं, तरी वाटायचं ते वाटतंच.

आईचा एकच ध्यास होता, बाने कायम व्हावं. आमच्या आळीतले दोघे खोपोलीच्या कारखान्यात लागून कायम झाले होते, त्यांच्या बायका पाण्याला आल्या की कायम हा शब्द दर दोन वाक्यांनंतर यायचा. बा मात्र नऊ-दहा वर्षं रोजंदारीवरच. त्या वर्षी साहेब म्हणाले होते की फारमावरचा एक माणूस कायम करायचा आहे, आणि बियाण्याचा मोठा तुकडा ज्याच्याकडे असेल त्याचं काम बघून ते नाव वर पाठवतील. साहेब म्हणजे जगदाळे साहेब, देशावरचे, तरुण, कडक पण सरळ माणूस. मोठा तुकडा बाच्याकडेच होता. आईने त्या दिवसापासून तांदळाच्या कण्या बाजूला काढून ठेवल्या आणि जाहीर केलं, "कायम झालात का त्याच दिशी खांडवी करनार. गूळ-खोबरं घालून. तवर नाव पन काढू नका." मला खांडवी जिवापेक्षा प्रिय. म्हणजे बाच्या कायम होण्यात माझाही हिस्सा होताच.

मी तेव्हा आठवीत होते. शाळा फारमाच्या वाटेवर, म्हणून सकाळी बाबरोबर निघायचे आणि घंटा होईपर्यंत त्याच्या मागे मागे ओळीतून फिरायचे. लोंब्या फुलोऱ्यात असतात तेव्हा शेताला एक ओलसर, दुधासारखा वास असतो. बा पुढे, मी मागे. "ही बघ, ही आपली नाय," म्हणून तो एखादं झाड दाखवायचा, मला आधी काहीच कळायचं नाही, मग पान जरा फिकं आहे हे दिसायचं. दोन महिन्यांत मीही त्याच्या आधी ओरडायला लागले. तो खूश व्हायचा आणि म्हणायचा, "हळू वरड गं, साहेब मला काढून तुला ठेवतील."

एक नियम मात्र तो बजावून सांगायचा. साहेबांना त्यांच्या अभ्यासासाठी एखादं वेगळं झाड हवं असलं तर ते त्याला तांबडी दोरी बांधत. तांबडं दिसलं की त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, मग ते कितीही वेडंवाकडं असो. मजूर बायका कापणीतसुद्धा तांबड्याभोवती वळसा घालून जायच्या. देव सोडलेल्या आमच्या गावात एवढं सोवळं कशाचंच नव्हतं.

आणि एका सकाळी मला भाताचा तो ठोंब दिसला. तुकड्याच्या मधोमध, एकाच ठोंबात चार फुटवे कमरेएवढे उंच आणि तीन गुडघ्याइतके बुटके. बुटक्यांची पानं गडद, रुंद, लोंबी ताठ, दाणे बारके गोल. उंचांच्या लोंब्या नेहमीसारख्या लवलेल्या. मी बाला हाक मारली. त्याने बघितलं आणि सवयीने बुडाला हात घातला.

"थांब ना बा! एकच झाड आहे हे. अर्धं उंच नि अर्धं बुटकं."

"येक कसं आसंल? लावनीला बाया येका चुडात तीन-तीन काड्या खवतात. त्यात येक काडी भेसळीची पडली आसंल."

"आणि नसली पडली तर?"

बाने हात काढला आणि खाली बसून दोन्ही हातांनी फुटवे बाजूला करून बघितलं. चिखलात काय दिसणार? पण तो बराच वेळ बसला. त्याला कोडं पडलं की तो मान तिरकी करायचा, तशी केली. मला हवं होतं ते एवढंच, की ठोंब पिकू द्यायचा, मग मुळं धुऊन बघायचं, आणि दाणे वेगळे ठेवून पुन्हा पेरायचे. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा धडा होता. त्यात झाड एकतर उंच होतं नाहीतर बुटकं. दोन्ही एकदम असलेलं झाड त्या धड्यात नव्हतं.

"शुक्रवारी साहेब तुकडा बघनार हायेत," बा म्हणाला. "गुरवारी सांजच्याला उपटीन. तवर ऱ्हाऊ दे. तुला काय बघायचं ते बघून घे." हेही त्याने करायला नको होतं. पण पोरीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, याची त्यालाच जास्त रुखरुख लागली असावी.

गुरुवारी सकाळी मी काय केलं ते लिहिताना अजून कान गरम होतात. दाणे अजून दुधात होते, उपटलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. शिवाय बाजूच्या तुकड्यावरच्या बायका मध्येच येऊन साफ करतील ही धास्ती होती. मी डाव्या वेणीची तांबडी रिबीन सोडली आणि ठोंबाच्या उंच फुटव्यांना गुंडाळून गाठ मारली. तांबडं बघून कुणी हात लावणार नाही, एवढंच डोक्यात होतं. वेणीला काळा दोरा बांधून शाळेत गेले. बाई ओरडल्या, मी खोटं बोलले, रिबीन नदीत पडली म्हणून.

संध्याकाळी बा घरी आला तो हसतच. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच म्हणाला, "तुझा ठोंब साहेबांनी पन हेरला गं सुमे. उपटायला गेलो तर तांबडं बांधल्यालं. म्या काय हात लावला नाय. बघ, तुजी नजर साहेबाची हाय."

अंधारून आलं होतं, पिकात वाकून न बघता लांबूनच तांबडं दिसलं आणि तो मागे फिरला. ती दोरी नाही, रिबीन आहे, हे त्याला कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं. तेव्हाच, त्या पाटावर बसल्या बसल्या मी बोलायला हवं होतं. बा उठून गेला असता, कंदील घेऊन गेला असता, ठोंब उपटून परत आला असता. पण ठोंब गेला असता ना! मी पेजेत बोट फिरवत राहिले. मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या तुकड्यात साहेबांना नेमका तोच कशाला दिसेल? आई चुलीपाशी कण्या निवडत होती.

साहेबांना नेमका तोच दिसला. शुक्रवारी मी मुद्दाम बाबरोबर गेले आणि बांधावर उभी राहिले. साहेब ओळीओळीतून आले, खूश होते, "गंगाराम, तुकडा आरशासारखा आहे," असं दोनदा म्हणाले. मग मध्येच थांबले, वाकले.

"हे कोणी बांधलं? मी नाही बांधलं."

बा पुढे झाला. त्याने खाली बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, वेणीच्या काळ्या दोऱ्याकडे. मला वाटलं आता माझ्या कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"म्या बांधलं, साहेब," बा म्हणाला.

"कशाला?"

"पिकल्यावर बघावं म्हनून."

साहेब सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "नजरचुकीने राहिलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, गंगाराम. पण भेसळ दिसली आणि तू ती बांधून ठेवलीस. हे बियाणं उद्या पन्नास गावांत जाणार. तुझं नाव मी कसं पाठवू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, पुढे अशा जागी बसून मी म्हटलंही आहे. मी बोलायला तोंड उघडलं. बा माझ्यावर खेकसला, "शाळेला उशीर व्हतोय, दिसत नाय? जा!" तो माझ्यावर असा कधी ओरडत नसे. मी गेले. मागे वळून बघितलं तेव्हा साहेब आणि बा बांधावरून ऑफिसाच्या खोलीकडे चालले होते, काहीतरी बोलत. मी पळतच शाळेत गेले आणि दिवसभर मला एकही धडा ऐकू आला नाही.

शाळा सुटल्यावर घरी आले तर मोरीच्या तोंडाशी चिखलात तो ठोंब उभा. साहेबांनी उपटायला लावला होता, बाने मुळाच्या मातीसकट पाटीत घालून डोक्यावरून घरी आणला होता. आई कमरेवर हात ठेवून बोलत होती. "कायम व्हायला पाठवला मानूस, तर गवत घिऊन आला! आता ह्येच्यावर खांडवी चढवू का? म्हशीला घाला त्ये!" बा मुळांवर चिखल थापत राहिला. आईने कण्यांचं मडकं उचललं आणि संध्याकाळी त्यांची बिनगुळाची पेज करून टाकली. त्यानंतर आमच्या घरात खांडवी झाली नाही. दिवाळीला नाही, माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा नाही. मी एकदा मागितली तर म्हणाली, "सबूद म्हंजी सबूद."

तीच आई रोज तांदूळ धुतलेलं पाणी न चुकता त्या ठोंबाच्या बुडाशी ओतायची. ओतताना शिव्या द्यायची, पण ओतायची. ठोंब जगला, पिकला. बाने आणि मी तो उपटून मोरीवरच मुळं धुतली. गढूळ पाणी निवळलं आणि बुड दिसलं. एकच. उंच फुटवे, बुटके फुटवे, सगळे एकाच खोडातून फुटलेले. बाने बोटाने चाचपून बघितलं, पुन्हा धुतलं, पुन्हा बघितलं. "येकच काडी हाय गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा कायम झालेल्या माणसासारखा दिसत होता, आणि मला रडू आलं. तेव्हा सांगायचं होतं की रिबीन माझी. त्याला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी बोलणं झालं नाही.

उंच लोंबीचे दाणे एका बाटलीत आणि बुटक्या लोंबीचे दुसऱ्या बाटलीत ठेवले. राजनाला नावाच्या कालव्याला वीजघरातून सुटलेलं पाणी येतं, त्यावर आमच्याकडे उन्हाळी भात होतं. बाने कुणाच्या तरी शेताचा कोपरा मागून घेतला आणि आम्ही एकेक काडी सुटी लावली, हातभर अंतरावर. येणारा-जाणारा हसायचा, "गंग्या, भात लावतोयस का नारळ?" बुटक्याच्या दाण्यांतून काही झाडं बुटकी आली, काही सरळ उंच, आणि चार पुन्हा दोन्ही उंचीची. मी वहीत मांडून गुरुजींना दाखवलं. त्यांनी वही परत देत सांगितलं, "तुझं बी मिसळलं असणार."

पुढची पस्तीस वर्षं मी हेच वाक्य वेगवेगळ्या भाषांत ऐकलं. वनस्पतींच्या डीएनएवर मिथिल नावाचा एक बारीकसा अणुगट बसतो. जनुक तेच, अक्षरं तीच, फक्त त्यावर झाकण पडतं आणि ते जनुक गप्प होतं. स्वयंपाकघरात भांडी तीच, पण ज्याच्यावर झाकण आहे त्यातलं वाढलं जात नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. हे झाकण बीमधून पुढच्या पिढीलाही जाऊ शकतं, आणि कधी एखाद्या फुटव्यात मध्येच उडूनही जातं. दोन एन्झाइम घ्यायची, दोन्ही डीएनए एकाच जागी कापणारी, पण एकाला झाकण चालतं, दुसऱ्याला चालत नाही. दोघांची कापाकापी शेजारी शेजारी ठेवून बघायची. माझं आयुष्य अंधाऱ्या खोलीत जांभळ्या उजेडाखाली कापलेल्या डीएनएच्या पट्ट्या बघण्यात गेलं. माझा एक शोधनिबंध परत आला तेव्हा परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती, बियाण्यात भेसळ असावी. मी खुर्चीत मागे रेलून इतकी हसले की शेजारच्या खोलीतला माणूस बघायला आला. माझ्या रोपांच्या काचघरात नियम होता, वेगळं झाड दिसलं तर आधी तांबडी रिबीन, मग चर्चा. मुलं तिला मॅडमची रिबीन म्हणत. कशाची ते त्यांना कधी सांगितलं नाही.

आमचा ठोंब याच प्रकारचा होता का? ठामपणे सांगता येत नाही. मी कॉलेजला गेले आणि त्या दोन बाटल्यांतले दाणे एका पावसाळ्यात पोरकिड्यांनी खाल्ले. उरली ती वही. शास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही.

बा कायम झालाच नाही. रोजंदारीवरच म्हातारा झाला. मला संशोधन संस्थेत नोकरी लागली, दोन वर्षं उमेदवारीची गेली, आणि एक दिवस पत्र आलं. ते घेऊन मी कडावला गेले. बा ओट्यावर बसला होता, नजर अधू झालेली, माथेरानचा डोंगर दिसतो त्या दिशेला तोंड करून. मी शेजारी बसले. पत्र पिशवीतच राहिलं आणि इतक्या वर्षांनी तोंडातून निघालं ते भलतंच.

"बा, ती रिबीन मी बांधली होती."

"मंग काय म्हशीनं बांधली व्हती?"

"आदल्या संध्याकाळी तू सांगितलंस तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ते त्याला ठाऊक नव्हतं. मग म्हणाला, "साहेबांनी मला इचारलं व्हतं. त्या दिशी, आफिसात जाताना. म्हनले, गंगाराम, पोरीनं बांधलं का? पोरीचं काम आसंल तर मी सोडून देतो, नाव धाडतो."

"मग तू?"

"म्या म्हनलो नाय, म्याच."

"का रे बा?"

"हो म्हनलो आसतो तर पोरीला फारमावर पाय ठिवू दिला नसता त्यांनी. कायदाच हाय तसा. मंग तू कुटं बघनार व्हतीस?"

मी पदर डोळ्यांना लावला. तो माझ्याकडे बघून मान तिरकी करून म्हणाला, "रडाया आलीस का काय काम काडलंस?" तेव्हा मी पत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. इंग्रजीत होतं. त्याने उलटसुलट करून बघितलं, खालच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय?"

"मला कायम केलं, बा."

"कायम?"

"कायम."

बाने पत्राची नीट घडी केली, बंडीच्या खिशात घातली, आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "ऐकलंस का गं? झालो आपन कायम!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली, ओले हात पदराला पुसत. तिने बाच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मंग बसलाय काय हितं?" ती बाला म्हणाली. "उठा, गूळ आना."